धरणाकाठचा हिवताप

प्रश्न : आम्ही मध्य प्रदेशातल्या बरगी धरणाकाठी राहतो. पावसाळा सरला की घरोघरी थंडी-ताप. गावकऱ्यांनी काय करावे?

उत्तर : धरणानंतर जलाशयाकाठच्या गावांत हिवताप वाढल्याचे संशोधकांनी नोंदवले आहे. शेजारच्या मंडला जिल्ह्यात २०१७ पासून भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर), मध्य प्रदेश सरकार आणि सन फार्मा या औषध कंपनीची संस्था यांनी एकत्र काम केले. गावोगाव फिरून तापाचे रुग्ण शोधले, तिथेच रक्त तपासले. हिवताप झपाट्याने घटला. तुमच्या गावातही असा शोध व्हावा म्हणून आशाताई आणि पंचायत दोघांनाही सोबत घ्याच. ताप आला की लगेच तपासणी. घरात डास मारण्याची फवारणी झाल्यावर सणासुदीला भिंती सारवल्या, तर औषध मातीखाली जाते आणि सगळी मेहनत वाया. तेवढे काही महिने थांबा. तपासणीत व्हायवॅक्स प्रकारचा हिवताप निघाला आणि डॉक्टरांनी १४ दिवसांच्या गोळ्या दिल्या, तर ताप उतरला तरी त्या पुऱ्या करा.