ट्रॅक्टर पुढं गेला, ठिपका मागंच

प्रश्न : जयसिंगपूर परिसरातल्या ऊस वाहतुकीसाठी फ्लटरमध्ये अ‍ॅप बनवतोय. ‘जिओलोकेटर’ लायब्ररी टाकली आहे. अ‍ॅप उघडं असेपर्यंत लोकेशन येतं. चालकानं फोन खिशात टाकला की नकाशावरचा ठिपका उदगावातच अडकतो. बॅकग्राउंडची परवानगी मागू का?

उत्तर : एवढ्यात नको. अँड्रॉइड १०पासून (२०१९) ती परवानगी वेगळी झाली. अँड्रॉइड ११पासून तर चालकाला सेटिंगमध्ये जाऊन ‘ऑल द टाइम’ निवडावं लागतं. फडात घाईत असलेला माणूस ते करणार नाही, आणि प्ले स्टोअरवालेही कारण विचारतात.

त्याऐवजी फोरग्राउंड सर्व्हिस वापरा. चालकानं ‘खेप सुरू’ दाबलं की, अ‍ॅप पडद्यावर असतानाच ती सुरू करायची. वर सूचना दिसत राहते, आणि ‘अ‍ॅप वापरताना’ एवढ्या परवानगीवर फोन खिशात असतानाही लोकेशन येत राहतं. जिओलोकेटरमध्ये त्यासाठी ‘अँड्रॉइड सेटिंग्ज’मध्ये फोरग्राउंड सूचनेचा भाग भरावा लागतो, बहुतेकांचा तोच रिकामा राहतो. अँड्रॉइड १४साठी मॅनिफेस्टमध्ये ‘फोरग्राउंड सर्व्हिस लोकेशन’ ही परवानगीही लिहा, नाहीतर सर्व्हिस सुरू होतानाच अ‍ॅप बंद पडेल.

अँड्रॉइड १२पासून चालक ‘अंदाजे’ लोकेशन निवडू शकतो. मग ठिपका सुमारे ३ चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात कुठंही पडतो. गाडी उदगावात आहे की अंकलीच्या पुलावर, हे कळणार नाही. म्हणून अचूकता कोडमध्येच तपासा.

आणि दर सेकंदाला लोकेशन कशाला? उसानं भरलेल्या ट्रॉलीला ‘डिस्टन्स फिल्टर’ ५० मीटर पुरे, बॅटरीही टिकेल.