पोळी सोडण्याचा हिशेब

माझ्या मुलीला नवव्या वर्षी सिलिअ‍ॅक असल्याचं कळलं, तेव्हा भेटायला येणारा प्रत्येक जण विचारायचा, "आता ती खाणार काय?" माझ्या मनात मात्र पैशांचा प्रश्न होता आणि तो बोलून दाखवायची लाज वाटत होती. ऑनलाइन दुकानात ‘ग्लुटेन-फ्री’ असं टाकून पाहिलं, तर तीनशे ग्रॅमचा पाव अडीचशे रुपयांना. हा आजार जन्मभराचा. रात्रभर मी मनातल्या मनात गुणाकार करत राहिले.

तो गुणाकार चुकीचा होता, हे कळायला वर्ष गेलं. ज्वारी-बाजरीच्या मुलखात गव्हाशिवाय जगणं महाग नाही. महाग पडतात त्या चुकीच्या क्रमाने केलेल्या तपासण्या आणि घाबरून विकत घेतलेली पाकिटं. खाली दिलेले भाव पुण्या-मुंबईकडचे आणि ढोबळ आहेत. आपल्या गावी विचारून घ्या, पण कशावर खर्च करायचा आणि कशावर नाही, हे गाव बदललं तरी बदलणार नाही.

सिलिअ‍ॅकमध्ये गहू, जव आणि राय या धान्यांतल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या आत मखमलीसारखी बारीक लव असते, ती झिजून सपाट होते आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. जुलाब आणि पोट फुगणं ही ओळखीची लक्षणं. पण कधी नुसती उंची वाढत नाही, गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन चढत नाही, तोंड सारखं येतं. माझ्या मुलीला जुलाब कधीच झाले नाहीत. दोन वर्षं ती लोहाचं सिरप घेत होती. या आजारावर औषध नाही. ग्लुटेन कायमचं आणि पूर्ण बंद करणं, हाच उपचार.

तपासणीचा क्रम

पहिली तपासणी रक्ताची: टीटीजी-आयजीए आणि सोबत टोटल आयजीए. खासगी लॅबमध्ये दोन्हींचे मिळून साधारण दीड ते अडीच हजार रुपये होतात. पैसे वाचवायला टोटल आयजीए गाळू नका. काहींच्या रक्तात आयजीए मुळातच कमी असतं, त्यांचा टीटीजी आजार असूनही नॉर्मल दिसतो. टीटीजी वाढलेला आला की पोटाचे डॉक्टर दुर्बीण घालून आतड्याच्या सुरुवातीच्या भागातले चार-सहा बारीक तुकडे तपासायला घेतात. बायोप्सीच्या रिपोर्टसह याला खासगीत सहा ते पंधरा हजार लागतात, मुलांना भूल द्यावी लागली तर त्याहून जास्त. मुंबईत केईएम, नायर, सायन या पालिकेच्या रुग्णालयांत हेच काम फार कमी पैशांत होतं. दिवस मात्र मोडतो.

लहान मुलाचा टीटीजी मर्यादेच्या दहापट किंवा त्याहून जास्त असेल आणि दुसऱ्यांदा घेतलेल्या रक्तात ईएमए ही तपासणीही पॉझिटिव्ह आली, तर बायोप्सी टाळता येऊ शकते, असं युरोपातल्या बालरोगतज्ज्ञांचं २०२० सालचं मार्गदर्शन सांगतं. डॉक्टरांना हे मोकळेपणाने विचारा.

आता आमची चूक सांगते, कारण ती घरोघरी होते. मुलीचं पोट दुखायचं म्हणून कोणीतरी सुचवलं, "गहू बंद करून बघा." आम्ही बंद केला. तिला बरं वाटलं. मग चार महिन्यांनी तपासणी केली आणि रिपोर्ट नॉर्मल! गहू बंद केला की रक्तातल्या खुणा हळूहळू पुसल्या जातात, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. तिला पुन्हा रोज दोन पोळ्या खायला लावाव्या लागल्या, पावणेदोन महिने, पोट दुखत असताना. मग पुन्हा रक्त, पुन्हा फी. पैसे दुप्पट गेले, पण पोळीचा तुकडा हातात घेऊन बसलेली ती अजून डोळ्यांपुढून जात नाही. तपासणी पूर्ण होईपर्यंत ताटातली पोळी काढू नका.

दोन तपासण्यांपासून जपून राहा. एक म्हणजे शंभर-दोनशे पदार्थांची ‘फूड इनटॉलरन्स’ तपासणी. आठ-दहा हजार किंवा त्याहून जास्त घेऊन ती रक्तातलं आयजीजी मोजते आणि लांबलचक यादी हातात ठेवते. आयजीजी वाढलेलं असणं म्हणजे तो पदार्थ आपण खातो, एवढाच त्याचा अर्थ. अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटना ही तपासणी करू नका असं स्पष्ट सांगतात. या यादीपायी दूध, अंडी, शेंगदाणे सगळं सोडून हडकलेली मुलं मी पाहिली आहेत. दुसरी जनुकांची, डीक्यू-२ आणि डीक्यू-८ ची. ती खोटी नाही, पण ही जनुकं निरोगी लोकांतही तीस-चाळीस टक्क्यांकडे असतात. ती नसतील तर सिलिअ‍ॅक जवळजवळ नक्की नाही, असली तर काहीच सिद्ध होत नाही. डॉक्टरांनी कारण सांगितलं तरच करा.

खरा खर्च पिठाचा

ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी, राजगिरा, शिंगाडा, मका यांपैकी कशातच ग्लुटेन नाही. ते येतं गिरणीतून. आपल्या आधी कोणी गहू दळून गेलं असेल, तर जात्यात उरलेलं पीठ आपल्या ज्वारीत उतरतं. हे किती महागात पडतं ते पाहा. भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार ‘ग्लुटेन-फ्री’ म्हणायला किलोमागे २० मिलिग्रॅमहून कमी ग्लुटेन हवं. कणकेत वजनाच्या साधारण आठ-दहा टक्के ग्लुटेन असतं. म्हणजे किलोभर ज्वारीच्या पिठात फक्त तीन ग्रॅम, एक लहान चमचा कणीक मिसळली, तरी अडीचशे मिलिग्रॅमच्या आसपास ग्लुटेन झालं. मर्यादेच्या बारापट! आणि ते डोळ्यांना दिसत नाही, जिभेला कळत नाही. "गहू तर केव्हाच सोडला, तरी टीटीजी खाली येत नाही," असं म्हणणाऱ्यांच्या घरी आधी गिरणीची चौकशी करावी.

म्हणून माझा ठाम सल्ला: एकच मोठा खर्च करायचा असेल, तर घरघंटीवर करा. पंधरा ते पंचवीस हजारांत चांगली मिळते. हिशेब असा. एका माणसाला महिन्याला सहा किलो पीठ लागतं असं धरा. ग्लुटेन-फ्री म्हणून विकलं जाणारं पाकीटबंद पीठ किलोला दोनशेच्या घरात, म्हणजे बाराशे रुपये. ज्वारी साठ रुपयांनी घेऊन घरी दळली तर तीनशे साठ. महिन्याला आठशे चाळीस वाचले. अठरा हजारांची घरघंटी पावणेदोन वर्षांत फिटते. तिच्यात गहू कधीच, पाहुण्यांसाठीसुद्धा, दळायचा नाही. दुकानातलं तयार ज्वारीचं पीठही नको, कारण ते बहुतेकदा गव्हाच्याच गिरणीत दळलेलं असतं. धान्य आणा, त्यात गव्हाचे दाणे आहेत का ते निवडून बघा, धुऊन वाळवा, मग दळा. हे परवडणारं नसेल तर ओळखीच्या दोन-तीन कुटुंबांत मिळून एक घरघंटी घ्या.

गिरणीखालोखाल हिंग. डबीतला बांधणी हिंग बहुतेकदा मैद्यात किंवा कणकेत मळलेला असतो आणि आपल्याकडे तो आमटीपासून चिवड्यापर्यंत सगळ्यात पडतो. तांदळाच्या पिठात किंवा डिंकात बांधलेला हिंग मिळतो, डबीमागे थोडे पैसे जास्त पडतात, तेवढे द्या. मेतकुटात गहू असतो. थालीपिठाच्या भाजणीत असतो. घरी भाजणी करताना गव्हाऐवजी ज्वारी वाढवली तर कोणाच्या लक्षातही येत नाही. दुधात घालायच्या माल्टच्या पावडरी म्हणजे जव, त्यामुळे त्या बाद. सोया सॉसमध्ये गहू असतो, म्हणून चायनीजच्या गाडीवरचा भातही नको.

पाकिटावर ग्लुटेन असलेल्या धान्यांची नोंद करणं २०२० च्या लेबल नियमांनी बंधनकारक आहे, तेव्हा पाकीट मागच्या बाजूने वाचायची सवय लावा. सुट्या मालाला लेबल नसतं. सुटं बेसन, सुटा मसाला, डब्यातून मोजून दिलेली भाजणी बंद.

स्वयंपाकघरात वेगळं काय लागतं? पोळपाट-लाटणं, चाळणी, तवा, परात, एक कालथा. दीड-दोन हजारांत भागतं. लाकूड आणि चाळणीची जाळी कितीही धुतली तरी पीठ धरून ठेवतात, म्हणून जुनं चालत नाही. स्टीलची भांडी स्वच्छ घासलेली असली की पुरे. पुऱ्या तळलेल्या तेलात पापड तळायचा नाही.

ग्लुटेन-फ्री पाव, पास्ता, बिस्किटं साध्या मालाच्या चार-पाच पट महाग असतात, आणि त्यांत बहुधा स्टार्च, साखर, तेल यांचाच भरणा असतो. आमच्या घरी महिन्याला पाचशे रुपये त्यासाठी ठेवले आहेत, वाढदिवस आणि सहलीपुरते. डब्यात भाकरी नेली की मुलं चिडवतात म्हणून माझी मुलगी रडायची. तेव्हा मी इडली, घावन, तांदळाच्या शेवया असं फिरवत राहिले. मूल दुखावलं जात असेल तर पाचशेचे सातशे झाले तरी चालतील, असं माझं मत आहे.

बाहेरचं जेवण

हॉटेलात ‘भाकरी’ मागितली तरी ती पोळीच्याच तव्यावर भाजलेली असते, भाकरी थापायला कणीकही घेतात. लग्नात मी डबा नेते, यजमानांना आधी फोन करून सांगते. कोणाला वाईट वाटत नाही. आमंत्रण स्वीकारायला सगळ्यात निर्धास्त दिवस म्हणजे एकादशी किंवा महाशिवरात्र! उपवासाच्या स्वयंपाकात गहू नसतो, बहुतेक घरांत हिंगही नसतो. भगर, साबुदाणा, दाण्याची आमटी, बटाट्याची भाजी. उपवासाची भाजणी कुठे दळली, एवढं मात्र विचारा. सत्यनारायणाचा प्रसाद रव्याचा असतो, तो डोक्याला लावून बाजूला ठेवायला मुलीला शिकवलं. गोव्यात आणि वसईत चर्चला जाणाऱ्यांनी फादरना अत्यल्प ग्लुटेनच्या ओस्तीबद्दल, म्हणजे मिस्सेत मिळणाऱ्या गव्हाच्या पातळ चकतीबद्दल, विचारावं. पूर्ण ग्लुटेनरहित ओस्ती चालत नाही, पण अत्यल्प ग्लुटेनची चालते, असं व्हॅटिकनने २०१७ मध्ये स्पष्ट केलं आहे.

दूध आणि पुढचा दरसालचा खर्च

निदानाच्या वेळी पुष्कळांना दूधही सोसत नाही. दुधातली साखर पचवणारा रस आतड्याच्या त्याच झिजलेल्या लवेवर तयार होतो. लव पुन्हा उगवली की बहुतेकांना दूध सोसू लागतं. म्हणून लॅक्टोज-फ्री दुधाचे महागडे डबे जन्मभरासाठी ठरवून टाकू नका. काही महिने दही-ताकावर काढा, मग अर्ध्या कपापासून सुरुवात करून बघा.

निदानानंतर सहा महिन्यांनी, मग वर्षाने आणि पुढे दरवर्षी टीटीजी करायची. सोबत हिमोग्लोबिन, लोह, ड जीवनसत्त्व, बी-१२ आणि थायरॉइड. याला वर्षाकाठी तीन-चार हजार बाजूला ठेवा. मोठ्यांना डॉक्टर हाडांची घनता तपासायला सांगतात. आरोग्यविम्यातून पीठ किंवा या बाह्यरुग्ण तपासण्यांचे पैसे सहसा मिळत नाहीत. पण नवी पॉलिसी घेताना आजार लपवू नका. आधीपासूनच्या आजारासाठीची प्रतीक्षा २०२४ पासून जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणली आहे. कॅनडात राहणाऱ्यांनी ग्लुटेन-फ्री मालाच्या पावत्या आणि डॉक्टरांचं पत्र जपून ठेवावं, साध्या मालापेक्षा जास्त पडलेली रक्कम तिथे वैद्यकीय खर्च म्हणून दाखवता येते. आपल्याकडे अशी सवलत नाही, आणि रेशनवर मिळणारा गहू या माणसांच्या काही कामाचा नाही. निदानाचा कागद दाखवल्यावर त्या गव्हाच्या जागी ज्वारी मिळावी, एवढी मागणी रास्त आहे.

घरात एकाला सिलिअ‍ॅक निघाला, तर आई-वडील आणि सख्ख्या भावंडांनाही तो असण्याची शक्यता पाच ते दहा टक्के असते, अंगावर एकही लक्षण नसताना. त्या सगळ्यांची टीटीजी या महिन्यातच करून घ्या, आणि ती होईपर्यंत त्यांना पोळी खाऊ द्या.