भर घालायचीच तर चणाडाळीची

मे २०२४ मध्ये मानखुर्दच्या महाराष्ट्र नगरात चिकन शोरमा खाल्ल्यानंतर एका तरुणाचा जीव गेला. त्या बातमीची धास्ती घेऊन अनेक घरांनी गाडीवरचं मांस बंद केलं, ते बरंच झालं. पण त्याऐवजी फ्रीजरमधली पाकिटं घरात आली असतील, तर थोडं थांबा. नगेट्स, सॉसेज, सलामी, तयार कबाब हे सगळं पाकीटबंद असतं म्हणून भरवशाचं वाटतं. मुलांच्या डब्यासाठी मी त्यांची शिफारस करणार नाही.

पाकीट उलटं करून घटकांची यादी वाचा. ज्याचं वजन जास्त, तो घटक आधी लिहायचा, असा आपल्याकडे नियम आहे. चिकनच्या पाठोपाठ पाणी, सोया प्रथिन, स्टार्च, ब्रेडचा चुरा अशी नावं आली, की समजा, मांसाच्या भावात तुम्ही पाणी आणि पीठही विकत घेताय. ॲलर्जी नसेल तर सोयाने किंवा पिठाने काही बिघडत नाही. बिघडतं ते सोबत येणाऱ्या गोष्टींनी. पाणी धरून ठेवायला फॉस्फेट घालतात (आयएनएस ४५१, ४५२). रंग गुलाबी राहावा आणि जंतू वाढू नयेत म्हणून सोडियम नायट्राइट (आयएनएस २५०) घालतात, आणि मीठ तर सढळ हाताने. दिवसभरात मोठ्या माणसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरतं, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा. रक्तदाब असलेल्यांनी हे विसरू नये. मूत्रपिंडाचा आजार असेल तर ही पाकिटं घरात आणूच नका. डाळीतल्या फॉस्फरसपेक्षा वरून घातलेलं फॉस्फेट शरीरात कितीतरी जास्त शोषलं जातं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगाला कारणीभूत ठरतं, असं जाहीर केलं. रोज ५० ग्रॅम खाणाऱ्याला मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका न खाणाऱ्यापेक्षा सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. वाढदिवसाला कधीतरी दोन तुकडे खाल्ले म्हणून घाबरू नका. रोजच्या डब्यातली सवय मात्र मोडायलाच हवी.

मांस महाग आहे, ते पुरवून खावं लागतं, हे मला ठाऊक आहे. मग भर आपण घालूया, आपल्या हाताने. शामी कबाबात चणाडाळ असतेच. ओळखीच्या दुकानातून समोर करून घेतलेला पाव किलो खिमा, भिजवलेली वाटीभर चणाडाळ, आलं, लसूण, मिरची, खडा मसाला आणि बेताचं मीठ कुकरमध्ये शिजवा, पाणी पूर्ण आटवा, वाटून घ्या आणि कमी तेलात तव्यावर परता. खिम्यात मटार, बटाटा, मेथी घाला. डाळीमुळे प्रथिनं वाढतात, चोथाही मिळतो, आणि चार जणांचं भागतं.

सेंद्रिय घ्यायचं का, असं बरेच जण विचारतात. परवडत असेल तर डाळ, भाजी, मसाले जरूर घ्या, आणि पाकिटावर ‘जैविक भारत’चं चिन्ह पाहा. पण त्यासाठी उधारी करू नका. साधी ताजी मेथी नीट धुऊन घरी शिजवली, तर ती सेंद्रिय म्हणून विकल्या जाणाऱ्या सॉसेजपेक्षा चांगली. सेंद्रिय सॉसेजमधलं मीठ काही कमी होत नाही.

घरच्या मांसालाही जपावं लागतं. कच्चं चिकन नळाखाली धुऊ नका, शिंतोड्यांबरोबर जंतू ओट्यावर पसरतात. त्याची सुरी आणि पाट कोशिंबिरीला वापरू नका. कबाब मोडून पाहा, आत कच्चेपणा राहता कामा नये. शिजलेलं मांस दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जायला हवं. काही जंतूंचं विष पुन्हा उकळूनही जात नाही, त्यामुळे रात्रभर बाहेर राहिलेला खिमा सकाळी गरम करून मुलांना देऊ नका. घरात फ्रीज नसेल तर पाव किलोऐवजी दीडशे ग्रॅमच आणा, डाळ वाढवा आणि त्याच जेवणात संपवा.