अंगठ्याला रक्कम ठाऊक नसते

हा पाठ बचतगटाच्या मासिक बैठकीत आणि वसतिगृहातील आठवीच्या पुढच्या मुलांच्या वर्गात घेण्यासाठी लिहिला आहे. एका बैठकीत तो संपणार नाही. दोन बैठका घ्या, घाई करू नका. जव्हार-मोखाड्याकडच्या पाड्यांवर गेली काही वर्षे मी लोकांच्या बँकेच्या कागदपत्रांचे काम पाहते. पासबुक भरून आणायचे, बंद पडलेले खाते सुरू करून घ्यायचे, रोजगार हमीची अडकलेली मजुरी शोधायची, असे ते काम. २०१४ साली जनधन योजना आली आणि घरोघरी खाती झाली. आता निराधारांचे अनुदान, मुलांची शिष्यवृत्ती, लाडक्या बहिणीचे दीड हजार, सगळे खात्यातच येते. म्हणून खात्याचे कुलूप कसे आहे, हे समजून घेणे भाग आहे.

बँक आपल्याला कशावरून ओळखते? एक, आपल्यालाच ठाऊक असलेल्या आकड्यावरून, म्हणजे पिन. दुसरे, आपल्याजवळच्या वस्तूवरून, म्हणजे कार्ड किंवा मोबाईल. तिसरे, शरीरावरून, म्हणजे अंगठा. ही तिन्ही कुलपे आपल्याकडे कच्ची आहेत, आणि प्रत्येक वेळी दोष अडाणीपणाचा नसतो. कुलूप बनवणाऱ्याकडेही बोट दाखवावे लागते.

पिनपासून सुरुवात करू. चार आकड्यांचे १०,००० वेगवेगळे पिन होऊ शकतात. तरी २०१२ साली निक बेरी नावाच्या अभ्यासकाने लोकांनी निवडलेले चार आकडी संकेत तपासले, तेव्हा दर शंभरातले जवळजवळ ११ एकच निघाले : १२३४. त्याच वर्षी केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी पिनचा अभ्यास केला. पुष्कळ लोक जन्मतारखेवरून पिन ठेवतात आणि जन्मतारीख तर पाकिटातल्या ओळखपत्रावरच असते. म्हणून चोराला दर ११ ते १८ पाकिटांमागे एकाचा पिन नुसत्या अंदाजाने सापडेल, असा त्यांचा हिशेब होता. १२३४ सारखे पिन बँकांनी मुळात स्वीकारूच नयेत, असेही त्यांनी सुचवले होते.

आपल्याकडे तर जन्मतारीख हे गुपितच नाही. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लिहिली, शाळेत न गेलेल्यांच्या आधारवर १ जानेवारी पडली. अर्ध्या पाड्याचा वाढदिवस एकाच दिवशी! आणि फोनवर ओळख पटवायला बँक काय विचारते? जन्मतारीख आणि आईचे नाव. पाड्यावर कोणाची आई कोण, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. संगणकावरून उतरवलेल्या आधारच्या फाईलचा पासवर्डही नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे आणि जन्मवर्ष असा असतो. दोन्ही गोष्टी आधारच्या प्रत्येक झेरॉक्सवर छापलेल्या. किल्ली दाराच्या कडीलाच टांगावी तसे हे झाले.

पिन निवडताना जन्मवर्ष, गाडीचा नंबर, मोबाईलचे शेवटचे चार आकडे टाळा. कार्डाच्या पाकिटावर पिन लिहू नका. वाचता न येणाऱ्या आजीने पिन कसा लक्षात ठेवायचा, हा प्रश्न मला नेहमी येतो. आकडे ओळखता येत नसले तरी बटणांची जागा हाताला लक्षात राहते. रांगोळीचे ठिपके जोडावेत तशी चार बटणांची वाट शिकवा. पुठ्ठ्यावर बटणे काढून सराव करून घ्या. मात्र आजीची वाट तिलाच ठरवू द्या, आपण पाहू नका.

आता अंगठा. या भागावर जास्त वेळ द्या, कारण आपले बहुतेक लोक पैसे काढतात ते अंगठ्याच्या मशीनवर. तिथे तीन गोष्टी लागतात : बँकेचे नाव, आधार क्रमांक आणि बोटाचा ठसा. पिन नाही, ओटीपी नाही. शिल्लक पाहायची असली तरी अंगठा, पैसे काढायचे असले तरी तोच अंगठा. मशीनच्या पडद्यावर बँक मित्राने काय निवडले आणि किती रक्कम टाकली, हे अंगठ्याला कळत नाही. एका वेळी १०,००० रुपयांपर्यंत रक्कम निघू शकते.

कातकरी बांधव वीटभट्टीवरून येतात तेव्हा त्यांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. ठसा खरोखरच लागत नाही. लबाड माणूस याचाच फायदा घेतो. "उमटला नाही, पुन्हा ठेव" असे म्हणतो. पहिल्या ठशाला पैसे निघालेले असतात, दुसऱ्याला पुन्हा निघतात, आणि हातात एकदाचेच पडतात. सगळे बँक मित्र असे नाहीत. भर पावसात मशीन पिशवीत घालून पाड्यावर येणारे, चोख हिशेब देणारे मी पाहिले आहेत. पण चांगल्या माणसाच्या भरवशावर चालणारे कुलूप हे कुलूप नव्हे.

म्हणून सवय अशी लावा : अंगठा ठेवण्याआधी रक्कम मोठ्याने विचारायची. प्रत्येक ठशाची पावती मागायची, "झाले नाही" म्हटले तरी मागायची. दुसऱ्यांदा अंगठा ठेवण्याआधी पहिल्या वेळेची पावती हातात हवी. पावती वाचता येत नसेल तर वसतिगृहातल्या मुलाकडून त्याच दिवशी वाचून घ्यायची.

दुसरा धोका ठशाच्या चोरीचा. जमिनीच्या दस्तांवरचे ठसे उचलून रबरी अंगठे बनवल्याचे प्रकार देशात काही राज्यांत उघडकीस आले. २०२३ साली आधार प्राधिकरणाने ठसा जिवंत बोटाचा आहे की नाही, हे ओळखणारी तपासणी आणली. शहरातले जाणकार सांगतात, आधारचे बायोमेट्रिक लॉक करून टाका. आपल्या लोकांना हा सल्ला सरसकट देऊ नका. लॉक केले की रेशन दुकानातही अंगठा चालत नाही आणि त्या महिन्याचे धान्य अडते. काही बँका लेखी अर्जावर खात्यातून अंगठ्याने पैसे काढण्याची सोय तेवढी बंद करतात. शाखा जवळ असेल आणि कार्ड वापरता येत असेल, तर तो मार्ग बरा. झेरॉक्स देताना आधारचे पहिले आठ आकडे झाकलेली प्रत चालते का, तेही विचारा.

मोबाईलबद्दल थोडक्यात. खाते उघडताना अनेकांनी दुकानदाराचा किंवा शेजाऱ्याचा नंबर दिला. कोणाचे सिम रिचार्जअभावी बंद पडले आणि तोच नंबर पुढे परक्याला मिळाला. पैसे निघाल्याचा संदेश त्याला जातो, ओटीपीही त्यालाच. नंबर बदलण्याचा अर्ज शाखेत द्या आणि पोच घ्या.

मागच्या पावसाळ्यात एका आजीच्या अनुदानातले ३,००० रुपये असेच गेले. पासबुक भरले तर एकाच दिवशी, काही मिनिटांच्या अंतराने, दोन नोंदी. शाखेत उत्तर मिळाले, "अंगठा तुमचाच आहे, म्हणजे पैसे तुम्हीच काढले." आजी उठून निघाली होती. मी तिला बसवले आणि लेखी तक्रार दिली. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, व्यवहार ग्राहकाने केला हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेची असते. चूक किंवा लबाडी बँकेच्या बाजूची असेल तर ग्राहकावर तोटा येत नाही, आणि बँक मित्र हा बँकेचाच माणूस. तिऱ्हाइताने पैसे काढले असतील तर बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळवावे लागते. त्यानंतर काही भार ग्राहकावर येऊ शकतो. आजीचे पैसे दोन महिन्यांनी परत आले. त्या दोन महिन्यांत तिने किराणा उधारीवर आणला, हेही बैठकीत सांगा.

तक्रारीचे नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावा : फसवणुकीसाठी १९३०, आधारसाठी १९४७. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, फी लागत नाही. चौकशीचा नंबर १४४४८. अंगठ्याचे मशीन चालवणाऱ्यांची नीट पडताळणी बँकांनी करावी, तीन महिने काम बंद असलेल्यांची पुन्हा करावी, असे निर्देशही रिझर्व्ह बँकेने जून २०२५ मध्ये काढले. ते १ जानेवारी २०२६ पासून लागू आहेत. आपल्या भागातल्या मशीनवाल्याची पडताळणी झाली का, हे गटाने शाखेला पत्र लिहून विचारायला हरकत नाही.

दुसऱ्या बैठकीला प्रत्येकीने पासबुक ताजे भरून आणावे. एकीने बँक मित्र व्हावे, एकीने ग्राहक. बँक मित्राने तीनदा तरी "पुन्हा ठेव" म्हणावे, आणि ग्राहक झालेल्या ताईने पावती हातात पडेपर्यंत अंगठा मुठीत ठेवावा. मग जागा बदलून पुन्हा करावे.