ठेकेदाराचे बिल आणि मजुराची मजुरी



काही महिन्यांपूर्वी जुम्माच्या नमाजनंतर औद्योगिक वसाहतीत काम करणारा एक तरुण माझ्याकडे आला. महिन्याची 22 तारीख उलटली होती आणि मागील महिन्याचे वेतन त्याच्या हाती पडले नव्हते. ठेकेदाराचे उत्तर एकच होते: कंपनीने बिल काढले नाही, मी कुठून देऊ? तरुणाने मला विचारले, "मौलाना, तो खरे बोलत असेल, तर माझा तगादा गुनाह ठरेल का?"

या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी हा पैसा कोणत्या वाटेने येतो ते पाहिले पाहिजे. कंपनी या कामगारांना स्वतः नेमत नाही. ठेकेदार संस्था माणसे पुरविते आणि महिनाअखेरीस हजेरीपटावरून बिल पाठविते. त्या बिलात कामगाराचे वेतन असते, भविष्य निर्वाह निधी व कामगार राज्य विमा यांतील मालकाचा हिस्सा असतो, ठेकेदाराचे सेवाशुल्क असते आणि एकूण रकमेवर 18 टक्के जीएसटी असतो. कंपनी हे बिल महिन्या-दीड महिन्याने चुकते करते. कामगाराचे मासिक वेतन मात्र पुढील महिन्याच्या 7 तारखेपर्यंत दिले जावे, असा दंडक आहे. मधल्या दिवसांचा भार ठेकेदाराने आपल्या भांडवलातून उचलायचा असतो.

आता शरीअतच्या दृष्टीने पाहा. श्रम मोबदल्यावर घेण्याच्या कराराला फिकहमध्ये 'इजारा' म्हणतात. येथे असे दोन करार आहेत: एक कंपनी व ठेकेदार यांच्यातील, दुसरा ठेकेदार व कामगार यांच्यातील. पहिल्या करारातील देणे थकले म्हणून दुसऱ्यातील देणे स्थगित होत नाही. कामगाराने काम कंपनीच्या आवारात केले असले, तरी मजुरीचा शब्द त्याला ठेकेदाराने दिलेला आहे.

मग ठेकेदाराचा नफा हलाल कसा ठरतो? हनफी फुकहांनी कमाईच्या हक्काचे तीन आधार सांगितले आहेत: माल, अमल आणि जमान, म्हणजे भांडवल, श्रम आणि जबाबदारी. ठेकेदार माणसे शोधतो, हजेरी ठेवतो, हा त्याचा अमल. बिल येईपर्यंत पदरचे पैसे घालतो, हा त्याचा माल. बिल बुडाले तरी मजुरी देणे त्याच्यावरच राहते, हा जमान. जो ठेकेदार बिल निघेपर्यंत मजुरी रोखून धरतो, त्याने माल घातला नाही आणि जमानही मजुराच्या गळ्यात टाकला. सेवाशुल्क मात्र त्याने पूर्ण घेतले. त्याने आपल्या सेवाशुल्काचा हिशेब पुन्हा मांडावा.

कोकणातील आपले बांधव शाफिई मसलकचे आहेत, म्हणून तेथील मतही सांगतो. शाफिई मतानुसार करार होताच मजुरीवर मजुराची मालकी येते. हनफी मतानुसार काम झाल्यावर, अथवा आगाऊ देण्याचे ठरले असल्यास आधीच. महिनाभर काम करून मुदत उलटलेल्या मजुराच्या बाबतीत या मतभेदाने काहीही फरक पडत नाही.

मी त्या तरुणाला सांगितले की, आपला हक्क मागणे गुनाह नाही. मजुराचा घाम वाळण्याआधी मजुरी द्यावी, ही प्रेषितांची (स.) शिकवण आपण सारे जाणतो. बुखारी शरीफमधील एका हदीसचा आशय तर असा की, कियामतच्या दिवशी ज्या तिघांविरुद्ध स्वतः अल्लाह उभा राहील, त्यांतला एक म्हणजे मजुराकडून पूर्ण काम घेऊन मजुरी न देणारा. सन 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याने ठेकेदाराने न दिलेले वेतन देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर टाकली होती आणि ती रक्कम ठेकेदाराकडून वसूल करण्याची तिला मुभा दिली होती. नव्या श्रमसंहितेतही हे तत्त्व कायम आहे. आपल्या भाषेत बोलायचे तर कंपनी येथे कफीलच्या जागी आहे. तेव्हा कंपनीकडे लेखी अर्ज करण्यात संकोच कसला?

त्याचे पगारपत्रक पाहताना दुसरीच गोष्ट ध्यानात आली. ती आकड्यांत समजून घेऊ. समजा, मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून 12,000 रुपये आहेत. भविष्य निर्वाह निधीसाठी कामगाराचे 12 टक्के म्हणजे 1,440 आणि विम्यासाठी 0.75 टक्के म्हणजे 90 रुपये कापले जातील. व्यवसाय कर बाजूला ठेवला, तर हाती 10,470 यावेत. मालकाने स्वतःचे 1,440 आणि विम्याचे 3.25 टक्के म्हणजे 390 वेगळे भरायचे असतात. काही ठेकेदार हे 1,830 रुपयेही कामगाराच्याच वेतनातून कापतात आणि त्याच्या हाती 8,640 ठेवतात. वास्तविक तो हिस्सा कंपनीने बिलात दिलेला असतो. कायद्याने ही कपात निषिद्ध आहे, आणि दीनमध्ये? सूरह मुतफ्फिफीनचा आरंभ पुन्हा वाचा. घेताना पूर्ण माप घेणारे आणि देताना घटविणारे तेथे कोण आहेत, ते आपल्याला कळेल.

आपल्या वाचकांत मुकादम आहेत, ठेकेदारही आहेत. मदयनच्या वृद्ध गृहस्थांनी हजरत मूसा (अ.) यांना कामावर ठेवले, तेव्हा आठ वर्षांची मुदत आधीच ठरली, दहा पूर्ण करणे त्यांच्या खुशीवर राहिले, आणि तुमच्यावर कष्ट लादण्याची माझी इच्छा नाही, असेही त्यांनी सांगितले. सूरह कससमध्ये हा प्रसंग आहे. आपण कामगाराला घेताना निदान दर, कपात आणि जादा तासांचा मोबदला कागदावर लिहून देतो का? कारखान्यात जादा तासांचा दर दुप्पट असतो, हे पुष्कळ कामगारांना ठाऊकच नसते, आणि ते त्यांना सांगण्याची घाई कोणालाही नसते.

त्या तरुणाची हकीकत मी खुतब्यात नाव न घेता सांगितली. त्यानंतर एक ठेकेदार गृहस्थ एकांतात भेटले. दोन वर्षे त्यांनी मालकाचा हिस्सा कामगारांकडूनच कापला होता. बरेच कामगार आपापल्या गावी निघून गेले होते. तौबा केली तर पुरेल का, असे त्यांनी विचारले. मी त्यांना गुहेत अडकलेल्या तिघांची हदीस आठवून दिली. त्यांतील एकाचा मजूर मापभर धान्याची मजुरी न घेता निघून गेला होता. मालकाने ते धान्य पेरून वाढविले, त्यातून जनावरे झाली, आणि मजूर कित्येक दिवसांनी परतला तेव्हा सारा कळप त्याच्या स्वाधीन केला.

हुकूकुल इबाद, म्हणजे माणसांचे हक्क, केवळ तौबाने फिटत नाहीत. गावी गेलेल्या कामगारांचे बँक खाते क्रमांक त्या गृहस्थांच्या जुन्या नोंदवहीत आहेत. रक्कम तेथे जमा करता येते. ज्याचा शोध कोणत्याही उपायाने लागत नाही, त्याच्या वतीने ती सदका करावी. तो पुढे कधी दारात उभा राहिला आणि त्याने आपला हक्क मागितला, तर पुन्हा पदरचे द्यावे लागतील. त्यांनी नोंदवही घेऊन पुढच्या जुम्माला येतो म्हटले, आणि ते आले.