स्टीलची टाकी घेण्याआधी शिशाचा हिशेब करा

तारकर्लीला दोन-तीन हंगाम डाइव्ह मारल्या की सामान स्वतःचं असावं असं वाटू लागतं. आधी मास्क, मग फिन्स, मग रेग्युलेटर. ज्यांनी पुढे जाऊन टाकीही घेतली, त्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला: ॲल्युमिनियमची काढून स्टीलची घेऊ का? छत्रपती संभाजीनगरात राहून हा खर्च करायचा, तर त्या पैशात नेमकं काय पदरात पडतं ते पाहू.

जगभर सर्रास वापरली जाणारी ॲल्युमिनियमची टाकी म्हणजे 'एएल 80'. पोटात 11.1 लिटर, दाब 207 बार, रिकामं वजन साधारण 14 किलो. भरलेली असताना ती पाण्यात किंचित जड असते. पण हवेलाही वजन असतं. ती अडीच-पावणेतीन किलो हवा संपत आली की हीच टाकी जवळजवळ दोन किलोने वर उचलू लागते. शेवटी पाच मीटरवर थांबलात की हे पाठीला कळतं: टाकीचं बूड हळूच वर येतं, पाय वर आणि डोकं खाली होऊ लागतं. ते दोन किलो दाबायला पहिल्यापासून कमरेला शिसं बांधून फिरावं लागतं. स्टीलची 12 लिटरची टाकी रिकामी झाली तरी अशी उचलत नाही, म्हणून पट्ट्यातून दोनेक किलो शिसं काढता येतं. स्टीलचा खरा फायदा हा.

'हवा पुष्कळ जास्त मिळते' हे मात्र तपासून घ्या. 12 लिटरची टाकी 232 बारपर्यंत भरली तर ढोबळ हिशेबाने 2,784 लिटर, एएल 80 मध्ये 2,300. भरणाऱ्याने दोन्ही 200 बारवरच थांबवल्या, तर 2,400 आणि 2,220. फरक 180 लिटरचा. दहा मीटरवर मिनिटाला 40 लिटर लागत असतील तर साडेचार मिनिटं. तेव्हा टाकी घेण्याआधी, जिथे भरणार तिथे फोन करून 'किती बार भरता?' एवढं विचारा.

आता पैसे. अमेरिकेत एएल 80 साधारण 200 ते 300 डॉलरला आणि स्टीलची टाकी 400 ते 550 डॉलरला पडते. डॉलर 85 रुपये धरला तर 17 ते 25 हजार आणि 34 ते 47 हजार. वाहतूक आणि शुल्क वेगळं. परदेशातल्या भाच्याला 'येताना घेऊन ये' म्हणू नका. गॅस सिलिंडर नियम 2016 प्रमाणे सिलिंडरच्या आयातीला पेसो या स्फोटक-सुरक्षेच्या केंद्रीय संस्थेची परवानगी लागते. या संस्थेचं मुख्यालय नागपूरला आहे. इथल्या विक्रेत्याकडे आधी मंजुरीचे कागद मागा, पैसे नंतर द्या. हायड्रोटेस्टही पेसोमान्य केंद्रातच करून घ्या. आणि शिशाचा भाव पाहा: किलोला दोनशे रुपयांच्या आसपास. दोन किलो शिसं कमरेवरून उतरवायला पंधरा-वीस हजार जादा मोजायचे आहेत, हे डोळ्यांसमोर असू द्या.

जुनी टाकी घेत असाल तर खांद्यावर ठोकलेले आकडे बोटाने चाचपत वाचा: दाब, शेवटच्या चाचणीची तारीख. 1988 आधीची ॲल्युमिनियमची टाकी फुकट मिळाली तरी नको. त्या काळातल्या अनेक टाक्यांच्या 6351 मिश्रधातूला मानेपाशी चिरा जात. स्टीलच्या टाकीचा व्हॉल्व्ह जाणकाराकडून काढून घ्या आणि आत बॅटरी मारून गंज पाहा. जुना व्हॉल्व्ह नव्या टाकीला लावून पैसे वाचवायचा मोह तर अजिबात नको. एम 25 आणि पाऊण इंची आटे दिसायला जवळजवळ सारखे. चुकीचा व्हॉल्व्ह बसल्यासारखा वाटतो आणि दाब चढला की गोळीसारखा उडतो. याने माणसं दगावली आहेत.

हवा भरायची कुठे? वाळूज, शेंद्रा, चिकलठाण्यात कॉम्प्रेसर पुष्कळ, पण वर्कशॉपचा कॉम्प्रेसर आठ-दहा बारचा असतो आणि त्या हवेत तेलाची वाफ असते. ती श्वासासाठी नाही. औद्योगिक गॅसवाल्याकडचा ऑक्सिजन तर नकोच. निव्वळ ऑक्सिजन सहा मीटरच्या खाली विषासारखा चढतो. म्हणजे टाकी सुमारे सहाशे किलोमीटर गाडीतून न्यायची, मालवणात भरायची आणि परत आणायची. तिथे डाइव्हच्या पैशात टाकी आणि शिसं सहसा धरलेलं असतं. वर्षाला चार-सहा डाइव्ह मारणाऱ्याने स्टीलच्या टाकीत पैसे घालू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. तेवढ्यात अंगाला नीट बसणारा बीसीडी, म्हणजे हवा भरून तरंगणं सांभाळणारं जाकीट, घ्या.

ज्यांचा स्वतःचा श्वसनहवेचा कॉम्प्रेसर आहे आणि वर्षभर पाण्यात काम आहे, अशा बचाव पथकांचं गणित निराळं. तरी नाथसागर जलाशयाचं पाणी गोडं आहे हे विसरू नका. माणूस आणि सामान मिळून शंभर किलो असेल, तर तिथे समुद्रापेक्षा अडीच किलो शिसं कमीच लागतं. पातळ सूट घालणाऱ्या सडपातळ डायव्हरला तिथे स्टीलची टाकी जास्तच जड पडू शकते, आणि संकटात टाकून द्यायला कमरेला शिसंच उरत नाही.

तेव्हा आधी एक डाइव्ह उसन्या स्टीलच्या टाकीने मारा. 50 बार उरले की पाच मीटरवर बीसीडी रिकामा करून स्थिर राहायला किती किलो लागले, ते वहीत लिहा. दुकानात ती वही घेऊन जा.