माळढोक वाचवायला कोणकोणत्या शाखांचे पदवीधर लागतात?

"वन्यजीवांचं काम म्हणजे रानात भटकणं. त्यावर पोट कसं भरणार?" बारावीनंतर घरोघरी विचारला जाणारा हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर राजस्थानात, जैसलमेरच्या वाळवंटात मिळतं.

माळढोक पक्षी आता जेमतेम दीडशेच्या घरात उरलेत, त्यातले बहुतेक इथेच. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालते, तेही अनेकदा भटक्या कुत्र्यांच्या तोंडी जातं. पक्षी वजनदार आणि डोळे बाजूला, त्यामुळे समोरची वीजतार उशिरा दिसते आणि वळायला वेळ उरत नाही. म्हणून २०१९ पासून रानातली अंडी आणून सम इथल्या केंद्रात यंत्रात उबवली जातात. २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लू जन्मलं.

या कामात पशुवैद्यक आणि जीवशास्त्रज्ञ लागतात, गणनेसाठी संख्याशास्त्र जाणणारे लागतात, तारांवर पक्ष्यांना दिसतील अशा चकत्या बसवणारे अभियंते लागतात. तितकेच गरजेचे आहेत ते ढाण्यांवर, म्हणजे वाळवंटातल्या छोट्या वस्त्यांवर जाऊन गुराख्यांशी बोलणारे लोक. घरटं सर्वांत आधी गुराख्यालाच दिसतं. त्यानं कुत्रा आवरला आणि वनरक्षकाला खबर दिली, तर अंडं वाचतं. हे लोकशिक्षण समाजशास्त्र, शिक्षणशास्त्र किंवा पत्रकारिता शिकलेली मुलं उत्तम करू शकतात.

वाटा कोणत्या?

• विज्ञानाच्या पदवीनंतर वन्यजीवशास्त्रात एम.एस्सी. : डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था, बंगळुरूचं नॅशनल सेंटर फॉर बायोलॉजिकल सायन्सेस (एनसीबीएस).
• 'नीट' देऊन पशुवैद्यकाची साडेपाच वर्षांची पदवी.
• विज्ञान, कृषी किंवा अभियांत्रिकीच्या पदवीनंतर यूपीएससीतून भारतीय वनसेवा.
• लोकशिक्षणासाठी अहमदाबादचं सेंटर फॉर एन्व्हायर्न्मेंट एज्युकेशन, मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी (बीएनएचएस) यांसारख्या संस्था.

पालकांसाठी

सरकारी सेवा सोडल्यास सुरुवातीच्या नोकऱ्या बहुधा प्रकल्पापुरत्या, कंत्राटी असतात आणि पगार बेताचा असतो. हा हिशेब आधीच घरात मांडा. संख्याशास्त्र, नकाशाशास्त्र किंवा पशुवैद्यक यांपैकी एक कौशल्य पक्कं असेल, तर दुसरे दरवाजेही उघडे राहतात.

सोलापूरजवळ नान्नजला आपणही १९७९ मध्ये माळढोकासाठी अभयारण्य केलं. आज तिथे माळढोक दिसणं दुर्मीळ झालंय. मुलांना एकदा तिथे घेऊन जा, वनरक्षकांशी बोलू द्या, उन्हात चालू द्या. त्यानंतरही ओढ टिकली, तर त्यांना अडवू नका. या कामाला जाणत्या माणसांची फार गरज आहे.